अर्ध्या पेल्यातले नऊ टक्के

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या रसायनशास्त्र विभागाचे परिचर नरसिंग प्रयोगशाळेत उभ्या उभ्या कोसळले. दुपारचे सव्वादोन वाजले होते. हातातली ब्युरेट त्यांनी पडता पडता ओट्यावर आडवी ठेवली; ती फुटली नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. शुद्ध हरपत असतानाही काचेला जपणारा माणूस नशेत असेल का, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. पडला नाही. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, वाकलो, आणि मला मद्यार्काचा वास आला.

परीक्षेसाठी नांदेडहून आलेले बाह्य परीक्षकही वाकले होते. ते सरळ होत हलक्या आवाजात म्हणाले, "लॅबच्या स्पिरिटवर हात मारलेला दिसतोय."

माझा निष्कर्षही तोच होता.

दोन मुलांनी नरसिंगमामांचे पाय उचलून धरले. दोन मिनिटांत ते शुद्धीवर आले, उठून बसले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "ब्युरेट बघा सर, तिचा कॉक ढिला हाय." दोन मिनिटांत शुद्धीवर येणारा दारुडा मी पाहिलेला नव्हता. हेही मला नंतर सुचलं.

सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. वय त्रेपन्न. अहमदपूरचं आमचं कॉलेज निघालं तेव्हापासून ते या विभागात होते आणि मी अकरा वर्षं होतो. बुचाला भोक पाडण्यापासून काच वाकवण्यापर्यंत जे मला पुस्तकातून ठाऊक होतं, ते त्यांना हातातून ठाऊक होतं. नरसिंग हे नाव छप्पन्नच्या दीक्षेपूर्वीचं. ते का बदललं नाही, असं कोणी विचारलं तर म्हणत, "देव बदलला, मस्टर कशाला बदलायचं?" वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदनेच्या वेळी पंचशील तेच सांगत, ते म्हणत आणि मागून सगळे म्हणत. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. बारा वर्षांत त्या जागेवर दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं. आणि स्पिरिटच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोड्याला असे.

प्राचार्य व्यंकटरावांनी मला संध्याकाळी बोलावून घेतलं. त्यांच्या केबिनबाहेरच्या फलकावर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' रंगवलं होतं. जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं, तरी खालची जुनी अक्षरं उन्हात वर येत.

"मोहियोद्दीन सर," ते म्हणाले, "किल्ली त्याच्या कमरेला, वास त्याच्या तोंडाला. आणखी काय पाहिजे?"

"मी साठा मोजला. अडीच लिटरमागे पंधरा मिलिलिटर कमी आहे. या उन्हात बुचाच्या फटीतून तेवढं उडून जातं."

"आणि वास? तोही उडून त्याच्या तोंडात गेला?"

त्यांनी परवान्याची फाईल पुढे ओढली.

"स्पिरिटचा परवाना आपला अजून उस्मानाबादच्या शिक्क्याचा. लातूरचे साहेब पाच मेला तपासणीला येणार. जिल्हा नवा, साहेब नवा, आणि आपलं स्पिरिट नरसिंगच्या पोटात. परवाना गेला तर तुमचं डिपार्टमेंट काय पाण्यावर चालवणार? तेही नाही आपल्याकडे." त्यांनी स्वतःच्या विनोदावर हसू दाबलं. "शनिवारपर्यंत मला लेखी द्या. नाहीतर मी त्याला निलंबित करतो."

मामा बाहेर बाकावर बसले होते. मी सरळच विचारलं.

"मामा, खरं सांगा. घेतली होती?"

"न्हाई सर."

"वास मी स्वतः घेतला."

"आला असंल. तुमचं नाक खोटं न्हाई." ते बाकावरून उठले. "पन मी बी खोटा न्हाई. नौकरीचं सोडा. रविवारी मी कोन्त्या तोंडानं उभा राहू, ते सांगा."

दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असतील तर माझ्या माहितीत काहीतरी कमी होतं. विज्ञान शिकलेल्या माणसाला हे एका क्षणात कळायला हवं. मला रात्र लागली. पहाटे आठवलं की त्या वासात गुळाची गोडी होती. आमच्या स्पिरिटला असा वास नसतो. नाकानं पुरावा पूर्ण दिला होता. मी त्यातला मला हवा तेवढाच घेतला होता.

सकाळी आठच्या सुमारास मी वस्तीत गेलो. टँकरचा दिवस नव्हता. घराघरापुढं रिकाम्या घागरी पालथ्या घालून ठेवलेल्या, त्यांच्यावर प्रत्येकीनं रंगाची आपापली खूण केलेली. मामांच्या पत्नी चांगुणामामी दारात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या.

"या सर. नोटीस घेऊन आले का?"

"नाही मामी. विचारायला आलो."

"इचारा. सगळं गाव इचारून राह्यलंय, तुम्ही तरी कशाला मागं राहता? काल नळावर ती पार्वतीबाई म्हनते, तुमच्या घरी फुकटात भेटती म्हनं! नळाला पानी न्हाई, पन नळावर बोलायला लई बाया."

मामा आत चटईवर बसले होते. समोर कागदाच्या पुडीत तीन गोळ्या. त्यांनी त्या तोंडात टाकल्या, शेजारच्या चिनी मातीच्या बरणीतून स्टीलच्या पेल्यात तपकिरी पातळसं काहीतरी अर्धा पेला ओतलं आणि एका दमात प्याले. खोलीत गुळाचा वास पसरला. कालचाच वास.

"हे काय आहे?"

"अर्जुनाचं औषध सर. संगप्पा वैद्यांचं. छातीसाठी."

"आणि गोळ्या?"

ते मामींकडे पाहू लागले. मामी म्हणाल्या, "सांगा की आता. लपवून काय लोणचं घालायचं हाय?"

मग कळलं. डिसेंबरात त्यांच्या छातीत कळ आली होती. जिल्हा लातूर झाला, कचेऱ्या तिकडे गेल्या. आजारी माणसं मात्र सवयीनं नांदेडच्याच बसमध्ये बसत. नांदेडच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, हृदयाला रक्त कमी पडतं म्हणाले आणि तीन गोळ्या दिवसातून तीनदा लिहून दिल्या. कॉलेजात कळलं तर 'अनफिट' म्हणून घरी बसवतील या भीतीनं मामांनी कुणाला सांगितलं नव्हतं. महिन्याभरानं वैद्यांकडूनही औषध सुरू केलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बंदोबस्त. वैद्यांना गोळ्यांचं सांगितलं नाही, डॉक्टरांना वैद्यांचं सांगितलं नाही. त्यानंतर दोनदा ते घरीच चक्कर येऊन पडले होते.

मी चिठ्ठी मागितली. गोळ्यांपैकी एक रक्तवाहिन्या सैल करणारी, म्हणजे दाब उतरवणारी. सगळ्यांच्या खाली डॉक्टरांनी मराठीत लिहिलं होतं: मद्य पूर्ण वर्ज्य.

"हे वाचलं होतं?"

"हाव. हसलो बी होतो. चांगुणाला म्हनलं, हे आपल्याला कशाला लिवलं, कागुद वाया."

"वैद्यांनी हे किती घ्यायला सांगितलं होतं?"

"दोन चमचे. तेवढ्याच पान्यात."

"मग अर्धा पेला का?"

यावर मामीच बोलल्या. "सर, गोळी घशाखाली जायला पानी लागतं का न्हाई? टँकर आठवड्यात दोनदा. घराला दोन घागरी. तेबी खारं, वरून पावडरचा वास; त्या पान्यानं ह्यांना उमासे येतात. मीच म्हनलं, औषध हायच की पातळ, त्याच्यातच गिळा गोळ्या. दोन्ही औषधं एकदमच पोटात जातात आन् पानी वाचतं. दिवसाला तीन पेले. म्या मोजलंय."

त्यांनी ते अभिमानानं सांगितलं, आणि तो अभिमान रास्त होता. दिवसाला तीन पेले पाणी त्या उन्हाळ्यात लहान गोष्ट नव्हती.

त्याच दिवशी मी संगप्पा वैद्यांकडे गेलो. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं दुकान, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, समोर खल. सत्तरीचा सरळ माणूस. मी विचारलं त्याचं त्यांनी काही लपवलं नाही.

"अर्जुनसादड्याची साल. ती नरसिंगनंच आणून दिली होती पोतंभर, मन्याड नदीच्या काठची. म्हणून त्याला बरणीच भरून दिली. साल उकळायची, काढा गाळायचा, गूळ घालायचा, मनुका, मोहाची फुलं, धायटीची फुलं. मडक्याचं तोंड बांधून महिनाभर मुरू द्यायचं."

"मुरतं म्हणजे फसफसतं?"

"फसफसल्याशिवाय काढ्याचं अरिष्ट होतं का सर? तुम्ही शिकलेले."

"मग त्यात दारू होते."

त्यांनी खल थांबवला. "हे पाहा. मी लिंगायत माणूस. दारूच्या दुकानासमोरून जायचं झालं तर रस्ता ओलांडतो. मी त्यात दारू घालत नाही."

"तुम्ही घालत नाही. ती तिथे तयार होते."

"मग ती औषधाची झाली. दोन चमचे, पाण्यातून." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "अर्धा अर्धा पेला प्यायला मी सांगितलं? आणि नांदेडच्या गोळ्या चालू आहेत हे मला कुणी सांगितलं? तुमचे डॉक्टर आम्हाला विचारत नाहीत, आमचा रोगी आम्हाला सांगत नाही. मी काय नाडीत गोळ्या वाचू?"

अरिष्टानं हृदय बरं होतं की नाही याबद्दल माझं मत वेगळं होतं आणि आहे. पण या मुद्द्यावर ते बरोबर होते, आणि मी तसं म्हणालो. त्यांनी मला लवंग दिली.

आता तर्क पुरेसा होता, पुरावा नव्हता. व्यंकटरावांना मोहाच्या फुलांवर व्याख्यान देऊन भागलं नसतं. आकडा हवा होता, आणि आकड्यासाठी ऊर्ध्वपातन करायला हवं होतं. म्हणजे औषध तापवायचं, वाफ काचेच्या शीतकातून न्यायची, ती थंड होऊन थेंब पडतील ते गोळा करायचे. यात अडचण एकच. शीतकाच्या बाहेरच्या नळीतून गार पाणी सतत वाहावं लागतं. आमच्या प्रयोगशाळेचे नळ फेब्रुवारीपासून कोरडे होते. त्या वर्षी मुलांनी ऊर्ध्वपातन फळ्यावर केलं होतं.

गुरुवारी सकाळी टँकर आला. दहा वाजता चांगुणामामी डोक्यावर घागर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. लाल रंगाची खूण असलेली, काठोकाठ भरलेली.

"ह्यांनी सांगितलं, पानी लागतंय म्हनून. किती जाईल?"

"जाणार नाही मामी. एक बादली वर स्टुलावर, एक खाली. वरचं पाणी नळीतून काचेत येईल, काचेतून खालच्या बादलीत. खालचं पुन्हा वर ओतायचं. कोमट होईल, पण तेवढंच परत मिळेल."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"सर, तुम्ही शिकलेले लोक तेवढंच म्हनता अन् मग कमी भरतं," असं म्हणून त्या खिडकीखालच्या बाकावर बसल्या. घागरीत बोट घालून पाणी कुठवर आहे ते त्यांनी पाहून ठेवलं.

मांडणी मामांनी केली. मी करणार होतो. त्यांनी माझ्या हातातून बूच काढून घेतलं. "तुमचं भोक वाकडं होतंय सर." त्यांनी चंबू स्टोव्हवरच्या वाळूच्या तव्यात बसवला, तापमापक लावला, सांध्यांना व्हॅसलीन लावलं, शीतकाचा कल नजरेनं ठरवला. तीन वेळा चक्कर येऊन पडलेला, गावभर दारुडा ठरलेला माणूस स्वतःच्या विरुद्धचा किंवा बाजूचा पुरावा तयार करत होता, आणि एकही सांधा त्याला दुसऱ्यांदा लावावा लागला नाही. दोनशे मिलिलिटर औषध त्यांनी मोजून ओतलं. पेला दाखवून म्हणाले, "हे माझे दोन वख्त."

औषध तापलं. तापमापकातला पारा चढू लागला. इथे एक साधी गोष्ट सांगायला हवी. अहमदपूरच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. चंबूत पाण्याशिवाय उडणारं काही नसेल तर पहिला थेंब अठ्ठ्याण्णवला पडला पाहिजे. हे मामांना माझ्याइतकंच माहीत होतं; पंचवीस वर्षांत त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं.

पारा एक्क्याण्णववर थांबला. शीतकाच्या टोकाशी एक थेंब जमला, लांबला, पडला. मग दुसरा. अगदी स्वच्छ.

"एक्क्यान्नव," मामा म्हणाले.

मी वाकून आकडा पाहिला.

"हे पानी न्हाई सर."

"पाणी आहे. पण नुसतं नाही."

पहिले काही थेंब त्यांनी घड्याळकाचेवर, म्हणजे काचेच्या उथळ बशीत घेतले, खिडकीचे पडदे ओढले आणि काडी ओढली. काडी जवळ नेली तेव्हा आधी काही दिसलं नाही. मग काचेच्या कडेनं एक निळी, जवळजवळ नसल्यासारखी ज्वाळा फिरली. मामी बाकावरून उठून जवळ आल्या.

"पानी जळतंय?"

"दारू जळतीय," मामा म्हणाले. "म्या पिली ती."

ज्वाळा विझली. मामींनी पदर तोंडाशी नेला होता. "म्याच म्हनलं होतं ह्यांना," त्या म्हणाल्या, "त्याच्यातच गिळा म्हनून."

पुढचे दोन तास पद्धतशीर काम झालं. अर्क गोळा केला, घनतेच्या बाटलीत तोलला, कोष्टक पाहिलं. मूळ औषधाच्या हिशोबानं आकडा आला नऊ. शंभरात नऊ भाग मद्यार्क. अर्ध्या पेल्यात सुमारे नऊ मिलिलिटर. एवढ्यानं धडधाकट माणसाला नशा येत नाही. पण पाणी वाचवून वाचवून आटलेलं शरीर, रिकामं पोट, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी आणि त्याच घोटात रक्तवाहिन्या सैल करणारं मद्य; मग पंधरा मिनिटं उभं राहिलं की रक्त पायाकडे उतरतं आणि माणूस पडतो. तिन्ही वेळा ते गोळीनंतर पंधरा-वीस मिनिटांनीच पडले होते. मंगळवारची गोळी दोनची, पडले सव्वादोनला.

मामींनी आपलं पाणी घागरीत भरून घेतलं आणि बोट घातलं. "दोन बोटं कमी हाय."

काही नळीच्या सांध्यातून गळलं होतं, काही उडालं होतं. मी तसं सांगितलं.

"मी म्हनलंच होतं," त्या म्हणाल्या आणि घागर उचलून गेल्या.

मी अहवाल लिहिला. अर्धं पान. साठा अबाधित, वास औषधाचा, औषधात मद्यार्क नऊ टक्के, चक्कर येण्याचं कारण अमुक. मामांनी तो बोट ठेवत ठेवत वाचला.

"तुमची नोकरी वाचली," मी म्हणालो.

"हाव." कागद त्यांनी परत दिला. "सर, तीन महिने झाले. बारा रविवार. सकाळी आठला अर्धा पेला प्यायचो आन् साडेआठला विहारात उभा राहून पाचवं शील सांगायचो. लोक माझ्या मागं म्हनायचे."

"तुम्हाला माहीत नव्हतं मामा. माहीत नसताना घडलं त्याला पिणं म्हणत नाहीत."

"माहीत नव्हतं म्हनून चक्कर यायची थांबली का?"

मी नास्तिक माणूस आहे. माझ्या घरच्यांची नमाज मी सोडली आणि इतरांची वंदना धरली नाही. पदार्थ हेतू पाहत नाही, हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगतो. मामा ते अकरा वेळा तरी दारात उभं राहून ऐकत आले असतील. त्यांनी तेच माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि मला त्यात चूक दाखवता येईना.

शुक्रवारी व्यंकटरावांनी अहवाल दोनदा वाचला. मग उघडून ठेवलेलं पेन बंद केलं.

"उत्तम. सुटला बिचारा. पण हे दप्तरी लावायचं नाही."

"का?"

"लातूरचे साहेब फाईल चाळणार. 'कर्मचाऱ्याच्या शरीरात मद्यार्क' एवढंच त्यांना दिसेल. तुम्ही असं करा, 'उष्माघातानं चक्कर' असं एका ओळीत द्या. एप्रिल आहे, कोण नाही म्हणेल? नरसिंगचं नाव राहील, आपला परवाना राहील."

"आणि गावात जे बोललं जातंय?"

"गाव चार दिवस बोलतं."

व्यवहाराच्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. मी मामांना बाहेर ते जसंच्या तसं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही ठरवा. नाव तुमचं आहे. उन्हाची चक्कर म्हटली तर औषधातल्या दारूचा विषय निघणार नाही, विहारातली जागाही राहील. अहवाल ठेवला तर चोरीचा आळ जाईल, पण दारू पोटात होती हे कागदावर येईल.

मामांनी करदोड्याची किल्ली दोन बोटांत धरून फिरवली.

"उन्हाची चक्कर म्हनलं तर लोक काय समजतील? स्पिरिट पिला, कॉलेजानं झाकलं. आन् मी रविवारी उभा राहीन, पाचवं म्हनीन, तवा समोरचा प्रत्येक जन मनात हसंल. मलाबी आतून माहीत असंल." त्यांनी किल्ली सोडली. "जे निघालं ते ठेवा सर. आन् त्यातला थोडा अर्क मला बाटलीत द्या."

मी अहवाल दप्तरी लावला. व्यंकटराव माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पाच मेला आलेल्या साहेबांनी साठा तपासला, फाईल उघडलीच नाही.

त्याच शनिवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं नांदेडला गेलो. लोह्याच्या पुढे रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. डॉक्टरांनी दाब मोजला, सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

"मद्य वर्ज्य असं मी लिहिलं होतं."

"वाचलं होतं साहेब," मामा म्हणाले. "ते पिणाऱ्यासाठी असतं असं वाटलं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्याच चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ लिहिली, दुसरं कोणतंही औषध चालू असल्यास सांगणे, आणि मला म्हणाले, हे मी आता प्रत्येकाला विचारणार. गोळ्या चालू ठेवायच्या, अरिष्ट बंद, आणि गोळी पाण्याबरोबर, पाणी भरपूर. 'भरपूर' या शब्दावर मामांनी माझ्याकडे पाहिलं.

रविवारी मी विहारात गेलो. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. पंचेचाळीस माणसं मी मोजली, नेहमीपेक्षा जास्त. बरीचशी मामा येतात की नाही ते पाहायला आली होती. मामा आले. पांढरा सदरा. पुढे गेले, पण नेहमीच्या जागेवर न थांबता बाजूला उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, छातीच्या कळेपासून निळ्या ज्वाळेपर्यंत, एकही गोष्ट वगळली नाही. नऊ टक्के हा आकडा सांगताना माझ्याकडे पाहून खात्री करून घेतली. मग घड्याळकाचेवर अर्क ओतून काडी ओढली. दाराकडून उजेड येत होता, ज्वाळा कुणाला दिसली, कुणाला नाही. ज्यांना दिसली त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं.

मागून नागुबाई म्हणून एक म्हातारी उठली. "मंग नरसिंगा, माझ्या सांधेदुखीच्या बाटलीत बी हायच का रं हे?"

"फसफसून केलेलं असंल तर हाय, मावशे."

"आगं बाई! अन् मी म्हनते रोज संध्याकाळी कसं बरं वाटतं!"

लोक हसले. मामाही हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदा. मग म्हणाले, "मी चोरी केली न्हाई. पन पिलो, हे खरं. माहीत नसताना पिलो, हे बी खरं. पुढचे बारा रविवार मी शील सांगणार न्हाई, मागून घेणार. बारा सांगितले, बारा घेईन." आणि शेवटच्या ओळीत जाऊन बसले.

पुढे कोण, हा प्रश्न क्षणभर तसाच राहिला. चांगुणामामी उठल्या. नवऱ्याच्या बारा वर्षांच्या आवाजानं त्यांना सगळं पाठ होतं. त्यांचा आवाज पहिल्या शीलाला बारीक होता, तिसऱ्यापर्यंत स्थिर झाला. पाचवं त्यांनी सावकाश म्हटलं. शेवटच्या ओळीतून ते परत आलं, इतरांच्या आवाजात मिसळून. मामांचा आवाज मी वेगळा काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तसंच असायला हवं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

वंदना संपली तेव्हा सव्वानऊ झाले होते. सकाळच्या गोळ्या राहिल्या होत्या. मामांनी खिशातून पुडी काढली आणि मामींकडे पाहिलं. टँकर उद्या यायचा होता.

मी पिशवीतून पितळी तांब्या काढला. माझ्या बायकोनं, आबेदानं, सकाळी आमच्या रांजणातून गाळून भरून दिला होता.

"हे काय सर?" मामी म्हणाल्या.

"तुमची दोन बोटं."

त्यांनी तांब्यात बोट घालून पाहिलं. "जास्ती हाय."

"असू द्या."

मामांनी तिन्ही गोळ्या तोंडात टाकल्या आणि तांब्या वर धरून पाणी प्याले. अर्धा पेला नव्हे, भरपूर. मी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं, मग वीस, मग पंचवीस. ते विहाराच्या दारात उभे राहून नागुबाईला तिच्या बाटलीचं बूच कसं लावायचं ते समजावत होते, आणि उभेच होते.